उत्प्रेरक अभिक्रियेत भाग घेतो : अकरावीच्या वर्गासाठी धातू आणि वायूंचे प्रयोग (प्रकल्प नोंदी)

५ ऑगस्ट २०२४

अकरावीच्या चाचणीचे पेपर तपासून झाले. ‘उत्प्रेरक म्हणजे काय?’ या प्रश्नाला बहुतेकांचं उत्तर एकच आहे : ‘जो अभिक्रियेत भाग न घेता तिचा वेग वाढवतो तो.’ मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. हेच वाक्य शाळेपासून त्यांच्या वहीत उतरलेलं असतं. पण ते चूक आहे. उत्प्रेरक भाग घेतो, मधल्या पायरीत अभिक्रियाकारकांशी बांधला जातो आणि पुढच्या पायरीत मोकळा होतो. शेवटी तो जागेवर दिसतो, म्हणून त्यानं काही केलंच नाही असं वाटतं.

अधिशोषणाचा (वायू किंवा द्रव पृष्ठभागाला चिकटण्याचा) धडा सप्टेंबरअखेर येईल. तोवर धातूंवर होणाऱ्या वायूंच्या अभिक्रियांचे प्रयोग बसवायचे, असं बारावीतल्या काही मुलामुलींशी बोलून ठरवलं. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये मँगनीज डायऑक्साइड टाकून फेस दाखवणं सोपं आहे, पण त्यातून पृष्ठभाग दिसत नाही. मला धातू काम करताना दिसायला हवा आहे, आणि तोही शेवटच्या बाकावरून.

८ ऑगस्ट

सुरुवात तांबं आणि ॲसिटोननं. तांब्याची तार लाल करून ॲसिटोनच्या वाफेत टांगली की ज्योतीशिवाय धगधगत राहते. वाफ आणि हवेतला ऑक्सिजन तिच्यावर भेटतात, त्यातून निघणारी उष्णता तारेला तापलेलं ठेवते.

तार कुठली घ्यायची यातच आज तास गेला. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून आणलेल्या तारेवर लाखेचा थर असतो. पॉलिश पेपरनं घासून तो पूर्ण काढावा लागतो, नाहीतर आधी लाखच जळते आणि वर्गात धूर होतो. घरच्या वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची वायर जास्त सोयीची. तिच्यात ०.३ मिलिमीटरचे २२ धागे असतात. वरचं प्लॅस्टिक सोलायचं (जाळायचं नाही, पीव्हीसीच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड असतो), सात-आठ धागे एकत्र पिळायचे आणि पेन्सिलीभोवती गुंडाळून स्प्रिंग करायची. एकटा धागा घेतला तर त्याचं टोक वितळून गोळी होते. तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे त्या टोकाशी तापमान कुठवर जातं याचा अंदाज मुलांना आपोआप येतो.

सुरक्षिततेबद्दल सविस्तर लिहून ठेवतो, कारण पुढे हा प्रयोग दुसरं कुणी करेल. ॲसिटोन ५६ अंशांना उकळतं आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. हवेत सुमारे २.५ ते १३ टक्के वाफ असेल तर मिश्रण पेट घेतं. खोलीच्या तापमानाला द्रवाच्या लगेच वर वाफेचं प्रमाण याहून बरंच जास्त असतं. तिथे ऑक्सिजन कमी पडतो, म्हणून आत पेट घेण्याचा धोका कमी. धोका फ्लास्कच्या तोंडाशी, जिथे वाफ पातळ होते. म्हणून नियम असे : बर्नर दुसऱ्या टेबलावर, ॲसिटोनची बाटली कपाटात परत गेल्याशिवाय बर्नर पेटवायचा नाही, फ्लास्कमध्ये २० मिलिलीटरपेक्षा जास्त ॲसिटोन नाही, आणि हाताशी सिरॅमिकची फरशी. तोंडाशी ज्योत दिसली की फरशी ठेवायची, ती विझते. खिडक्या उघड्या ठेवायच्या, कारण अर्धवट ऑक्सिडीकरणातून ॲसिटाल्डिहाइडसारखी डोळ्यांना झोंबणारी द्रव्यं निघतात.

१२ ऑगस्ट

आजची नोंद माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची.

२५० मिलिलीटरचा कोनिकल फ्लास्क, तळाशी ॲसिटोन, फ्लास्क कोमट पाण्यात. लाल केलेली स्प्रिंग लोखंडी सळईला अडकवून द्रवाच्या सुमारे दोन सेंटिमीटर वर टांगली. ती क्षणभर मंदावली, आता विझणार असं वाटलं, आणि खालच्या वेटोळ्यातून पुन्हा नारिंगी झाली. खोली अंधारी केली होती. सगळी मुलं पुढे आली, त्यांना हातानं मागे सारावं लागलं.

धग सारखी नसते. उजळ पट्टा एका वेटोळ्यावरून दुसऱ्यावर सरकतो, मागे काळपट जागा राहते, तीही थोड्या वेळानं पुन्हा उजळते. नीट पाहिलं तर काळा ऑक्साइड आणि चकचकीत तांबं एकाच तारेवर जागा बदलताना दिसतात.

मग दोन तारा घेतल्या. एक धगधगत असतानाच बाहेर काढली : काळी. दुसरी फ्लास्कमध्येच राहू दिली आणि वर फरशी ठेवून हवा तोडली. ती थंड झाल्यावर काढली : नव्या भांड्यासारखी गुलाबी, लखलखीत. एकाच वायरचे धागे, एकच फ्लास्क. बाहेर काढलेल्या तारेला शेवटी ऑक्सिजन भेटला, आत राहिलेलीला ॲसिटोनची वाफ. तांबं ऑक्सिजन घेऊन कॉपर ऑक्साइड होतं. ॲसिटोन त्या ऑक्साइडचं क्षपण करून, म्हणजे त्यातला ऑक्सिजन काढून घेऊन, पुन्हा तांबं करतं आणि स्वतः ऑक्सिडीकृत होतं. तार धगधगते तेव्हा या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी चालू असतात.

या दोन तारा मी पांढऱ्या कागदावर चिकटवून वर्गात फिरवणार आहे. ‘भाग घेत नाही’ या वाक्याला याहून सोपं उत्तर माझ्याकडे नाही.

वापरलेली गुलाबी तार भिंगाखाली ठेवली. वजनात म्हणण्यासारखा फरक नाही, पण पृष्ठभाग खरखरीत झाला आहे, ठिकठिकाणी खळगे आहेत. वस्तुमान तेच, रूप वेगळं. हेही सांगायला हवं.

२० ऑगस्ट

तुलनेचे प्रयोग. तशाच आकाराची लोखंडी बाइंडिंगची तार आणि नायक्रोमची तार. दोन्ही लाल करून वाफेत सोडल्या, दोन्ही काही सेकंदांत विझल्या. म्हणजे नुसती गरम तार पुरत नाही.

इथे डेव्हीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही १८१५ पासून खाणकामगारांच्या सुरक्षा दिव्यावर काम करत होता. १८१७ मध्ये त्याला दिसलं की गरम प्लॅटिनमची बारीक तार कोळशाचा वायू आणि हवेच्या मिश्रणात ठेवली तर ज्योतीविना लाल होऊन धगधगत राहते. त्यानं इतर धातूही पाहिले. प्लॅटिनम आणि पॅलॅडियम चालले. तांबं, चांदी, लोखंड, सोनं, जस्त चालले नाहीत.

एका मुलीनं लगेच विचारलं, ‘सर, डेव्हीचं तांबं चाललं नाही, मग आपलं कसं चाललं?’ प्रश्न अगदी नेमका आहे. इंधन बदललं की उत्तर बदलतं. ॲसिटोनऐवजी स्पिरिटच्या वाफेत तांबं धरून पाहिलं. काळी तार झटकन गुलाबी झाली, ॲसिटाल्डिहाइडचा वास आला, पण आमच्या मांडणीत धग टिकली नाही. क्षपण झालं, चक्र मात्र स्वतःच्या उष्णतेवर चालू राहिलं नाही. उत्प्रेरक कोणता, हा प्रश्न ‘कोणत्या अभिक्रियेसाठी’ हे सांगितल्याशिवाय विचारताच येत नाही. धातू आणि वायू यांची जोडीच पाहावी लागते.

२८ ऑगस्ट

जुन्या कपाटात ज्योत परीक्षेसाठीची प्लॅटिनमची तार होती, काचेच्या दांडीत बसवलेली. आता त्या कामाला सगळीकडे नायक्रोम वापरतात, त्यामुळे ती बरीच वर्षं पडून असावी. संहत हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून आणि तापवून, असं पुन्हा पुन्हा करून ती स्वच्छ केली. मायकेल फॅरेडेनं १८३४ मध्ये दाखवलं होतं की प्लॅटिनमचा पत्रा खरोखर स्वच्छ असेल तर हायड्रोजन आणि ऑक्सिजन त्याच्यावर खोलीच्या तापमानालाही संयोग पावतात, आणि पत्रा मळका असेल तर काहीच होत नाही.

प्रयोग : फ्लास्कमध्ये संहत अमोनिया, त्यातून फिश टँकच्या पंपानं हवेचे बुडबुडे, वर लाल केलेली प्लॅटिनमची तार. तार आखूड आहे आणि काच उष्णता ओढून घेते, म्हणून धग तांब्याइतकी प्रखर नाही. पण पंप चालू असेपर्यंत अंधारात मंद लाल स्पष्ट दिसते. पंप बंद केला की विझत जाते. फ्लास्कमध्ये पांढुरका धूर जमतो : नायट्रिक ऑक्साइडपासून पुढे नायट्रोजन डायऑक्साइड, आणि अमोनिया व बाष्पासोबत त्याचे अमोनियम क्षार. हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन सोडला तर परिणाम भपकेदार दिसतो, पण फ्लास्कमध्ये लहान स्फोट होऊ शकतात. वर्गात ते करायचं नाही, हा माझा निर्णय पक्का आहे.

या अभिक्रियेत एक गोष्ट दडलेली आहे आणि ती मुलांना सांगितलीच पाहिजे. अमोनिया आणि ऑक्सिजन यांना सोपी वाट नायट्रोजन आणि पाण्याकडे जाते. ऊर्जेच्या हिशेबानं तेच जास्त स्थिर. पण गरम प्लॅटिनमवर, संपर्काचा वेळ अगदी थोडा ठेवला, तर मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड मिळतो : अमोनियाचे ४ रेणू, ऑक्सिजनचे ५, त्यातून नायट्रिक ऑक्साइडचे ४ आणि पाण्याचे ६. म्हणजे उत्प्रेरक वेग वाढवतो तसा वाटही निवडतो. समतोल, म्हणजे अभिक्रिया शेवटी कुठवर जाऊन स्थिरावते ते, मात्र तो हलवू शकत नाही.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ कुलमाननं १८३८ मध्ये ही अभिक्रिया दाखवली. जर्मनीतल्या ओस्टवाल्डनं १९०२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. आज नायट्रिक आम्लाच्या कारखान्यांत प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या जाळ्यांवर, साधारण ८५० ते ९०० अंशांना, सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढ्या संपर्कात हेच घडतं. तळोजा आणि ट्रॉम्बे इथे नायट्रिक आम्ल बनतं, त्यामुळे खत आणि ही धग यांचं नातं आपल्या मुलांना दूरचं वाटायला नको. त्या जाळ्याही वापरात खरखरीत होत जातात आणि थोडं प्लॅटिनम वायूबरोबर उडून जातं. आपल्या तांब्याच्या तारेवरचे खळगे आठवावेत.

३ सप्टेंबर

हायड्रोजनबद्दल ठरवलं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ डोबेरायनरनं १८२३ मध्ये येना इथे हायड्रोजनचा झोत प्लॅटिनमच्या स्पंजावर सोडला आणि तो आपोआप पेटला. त्यावरून बनलेला दिवा काडेपेट्या येण्याआधी अनेक घरांत होता. गोष्ट सांगायची, चित्र दाखवायचं, पण हायड्रोजन-ऑक्सिजनचं मिश्रण काचेच्या भांड्यात भरून काही करायचं नाही. खोलीच्या तापमानाला काम करणारा धातू दाखवायला दुसरी अभिक्रिया शोधतो आहोत. गणपतीच्या सुट्टीनंतर.

१९ सप्टेंबर

अभिक्रिया सापडली : इथिलीन आणि हायड्रोजन, पॅलॅडियमवर. साबातिए आणि सांदराँस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८९७ मध्ये निकेलवर नेमकं हेच केलं होतं, आणि त्या धाग्यातून वनस्पती तुपापर्यंतचा उद्योग उभा राहिला. साबातिएला १९१२ चं नोबेल मिळालं. धातूचा पृष्ठभाग वायूशी तात्पुरतं, अस्थिर संयुग करतो आणि ते मोडून उत्पादित सुटतं, हे तो ठामपणे मांडत होता. वायू पृष्ठभागावर नुसते दाटीनं जमतात आणि म्हणून लवकर भिडतात, असं मानणाऱ्यांचा तो काळ होता.

इथिलीन आणायचं कुठून? अल्कोहोलची वाफ तापलेल्या ॲल्युमिनावरून (ॲल्युमिनियम ऑक्साइडवरून) न्यायची पद्धत माहीत आहे, पण मांडणी मोठी होते. तोडगा एका मुलाच्या घरून आला. त्यांची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीआधी पानगळ व्हावी म्हणून वडील इथेफॉन फवारतात, बाजारात ३९ टक्के द्रावण मिळतं. हे द्रव्य आम्लधर्मी द्रावणात टिकतं, आणि अल्कली मिळालं की मोडून इथिलीन सोडतं. झाडाच्या पेशीत शिरल्यावर तेच होतं, आमच्या सिरिंजमध्येही तेच. हिशेबानं १ मिलिलीटर द्रावणातून ६५ ते ८० मिलिलीटर वायू मिळायला हवा.

हातमोजे आणि गॉगल सक्तीचे, कारण द्रावण चांगलंच आम्लधर्मी आणि डोळ्यांना घातक आहे. ५० मिलिलीटरच्या सिरिंजमध्ये अर्धा मिलिलीटर द्रावण, त्यावर कॉस्टिक सोड्याचं द्रावण, टोपण लावून सिरिंज गरम पाण्यात. दट्ट्या हळूहळू वर सरकू लागला. मिळालेला वायू दुसऱ्या सिरिंजमध्ये घेऊन पाण्यानं धुतला. त्यातला थोडा पोटॅशियम परमँगनेटच्या पातळ द्रावणातून सोडल्यावर जांभळा रंग गेला आणि तपकिरी गाळ आला. असंपृक्त वायू आहे.

२३ सप्टेंबर

हायड्रोजन मॅग्नेशियमच्या फितीपासून आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्लापासून. ०.०५ ग्रॅम फितीतून सुमारे ५० मिलिलीटर. व्यावसायिक जस्तात आर्सेनिक-गंधकाची अशुद्धी असते, त्यातून येणारे वायू पॅलॅडियमला बाधतात. मॅग्नेशियम घेण्याचं कारण ते. वायू पाण्यानं धुतला म्हणजे आम्लाची वाफ जाते.

पॅलॅडियम एका पदव्युत्तर विभागातून मागून आणलं : ॲल्युमिनाच्या गोळ्यांवर अर्धा टक्का. गोळ्या काचेच्या बारीक नळीत, दोन्ही बाजूंना काचेच्या लोकरीचे बोळे. नळीच्या दोन टोकांना दोन सिरिंजा, रबरी नळीच्या तुकड्यांनी जोडलेल्या. आधी हायड्रोजननं नळीतली हवा काढली.

एका सिरिंजमध्ये २५ मिलिलीटर इथिलीन आणि २५ मिलिलीटर हायड्रोजन, दुसरी रिकामी. दट्ट्या सावकाश दाबला. पन्नास तिकडे जायला हवेत, पण दुसरी सिरिंज तिशीच्या आसपासच थांबली. परत इकडे ढकललं, अजून कमी. नळी हाताला गरम लागत होती. थंड झाल्यावर वाचलं : २७. आदर्श उत्तर २५, कारण इथिलीनचा एक रेणू आणि हायड्रोजनचा एक रेणू मिळून इथेनचा एकच रेणू होतो. दोनचा फरक धुतलेल्या वायूसोबत आलेल्या हवेचा आणि बाष्पाचा असावा. उरलेला वायू परमँगनेटमधून सोडला, जांभळा रंग टिकला.

तुलनेसाठी तशाच नळीत नुसत्या ॲल्युमिनाच्या गोळ्या. कितीही वेळा इकडून तिकडे केलं तरी पन्नासचे पन्नास. यामुळे ‘पृष्ठभाग मोठा म्हणून अभिक्रिया होते’ हे अर्धवट उत्तरही बाजूला पडलं. पृष्ठभाग दोन्हीकडे आहे, पॅलॅडियम एकीकडेच आहे.

उष्णतेचा हिशेब मुलांनी स्वतः केला. एक मोल इथिलीनमागे सुमारे १३७ किलोजूल. २५ मिलिलीटर म्हणजे जवळपास एक मिलिमोल, म्हणून १३७ जूल. काच आणि गोळ्या मिळून पाच-सहा ग्रॅम धरलं तर तापमान पंचवीस-तीस अंश वाढायला पुरेसे. गरम नळी हातात धरून हा हिशेब केल्यामुळे तो त्यांना फळ्यावरचा वाटला नाही.

पायऱ्या सांगताना होरिउती आणि पोलानी यांची १९३४ ची मांडणी वापरणार आहे : हायड्रोजनचा रेणू पॅलॅडियमवर फुटून दोन अणू होतात. इथिलीन पृष्ठभागाला चिकटतं. एक अणू मिळतो आणि अर्धवट संयुग काही काळ धातूला धरून राहतं. दुसरा अणू मिळाला की इथेन सुटतं आणि जागा रिकामी होते.

२६ सप्टेंबर

उत्प्रेरकाच्या विषबाधेवर (पृष्ठभागावर दुसरं काही बसून तो निकामी होण्यावर) चर्चा, प्रयोग नाही. पॅलॅडियम मागून आणलेलं आहे, ते मुद्दाम खराब करणार नाही. उदाहरणं भरपूर आहेत. सल्फ्युरिक आम्लाच्या कारखान्यांत प्लॅटिनम मागे पडून व्हॅनेडियम पेंटॉक्साइड आलं, त्याचं एक मोठं कारण आर्सेनिक. भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला आणि त्याच वेळी तिथे शिसेविरहित पेट्रोल आणावं लागलं, कारण शिसं त्यातल्या प्लॅटिनम-पॅलॅडियम-ऱ्होडियमवर बसून ते निकामी करतं. फेब्रुवारी २००० मध्ये शिसं देशभरातून गेलं. लिंडलार उत्प्रेरक याच्या उलट : तिथे पॅलॅडियमला शिशानं जाणूनबुजून मंद करतात, म्हणजे अल्काइनचं (तिहेरी बंधाच्या संयुगाचं) हायड्रोजनीकरण अल्कीनवर (दुहेरी बंधावर) थांबतं. पृष्ठभाग भाग घेत नसता तर त्याच्यावर काय बसलंय यानं फरकच पडला नसता.

१ ऑक्टोबर

वर्गातला दिवस. तांबं आणि पॅलॅडियम दोन्ही दाखवले, अमोनिया फ्यूम कपबोर्डमध्ये गटागटानं. शिपाई मामांनी खिडक्यांना काळे कागद लावून दिले होते. शेवटच्या बाकावरून धग दिसते का हे मी स्वतः तिथे बसून पाहिलं. दिसते. सिरिंजवरचे आकडे मात्र दिसत नाहीत, त्यासाठी दट्ट्याला लाल चिकटपट्टी लावायला हवी.

काळ्या आणि गुलाबी तारेचा कागद फिरत असताना एका मुलीनं विचारलं, ‘ॲसिटोनला मिळालेला ऑक्सिजन हवेतून थेट येतो की तांब्याकडून?’ या प्रश्नासाठी मी बाकीचा तास दिला. ऑक्साइड आपला ऑक्सिजन देतं आणि रिकामी जागा हवेतल्या ऑक्सिजननं भरून निघते, ही कल्पना मार्स आणि व्हॅन क्रेव्हेलन यांनी १९५४ मध्ये मांडली. शास्त्रज्ञ ती तपासायला ऑक्सिजनचा १८ वस्तुमानांकाचा समस्थानिक वापरतात : हवेत जड ऑक्सिजन द्यायचा आणि उत्पादितात आधी कुठला येतो ते पाहायचं. अकरावीच्या मुलीला हा प्रश्न दोन तारांच्या रंगावरून सुचला, याचा मला फार आनंद आहे.

९ ऑक्टोबर

छोटी चाचणी घेतली. प्रश्न असा दिला : ‘तांब्याच्या तारेच्या प्रयोगात तांबं अभिक्रियेत भाग घेतं का? निरीक्षणाच्या आधारे लिहा.’ वर्गातल्या बऱ्याच जणांनी दोन रंगांचा आधार दिला. काहींनी अजूनही जुनंच वाक्य लिहिलं आणि खाली ‘पण तार काळी होते’ अशी ओळ जोडली. त्यांच्याशी एकेकट्यानं बोलणार आहे.

सामान : पॅलॅडियमची नळी दोन्ही टोकांना बूच लावून कोरड्या डब्यात. प्लॅटिनमची तार धुऊन कपाटात, चिठ्ठीसह. उरलेलं इथेफॉन त्या मुलाच्या वडिलांना परत. सिरिंजांचे रबर ताठ होऊ लागलेत, पुढच्या वेळी नव्या घ्यायच्या. नोव्हेंबरमध्ये त्याच नळीत गोळ्यांची संख्या कमी-जास्त करून आकारमान घटण्याचा वेग मोजायचा आहे, बारावीच्या रासायनिक गतिकीच्या धड्यासाठी. चांदीची तार ॲसिटोनच्या वाफेत धरून पाहायचं राहिलं आहे. सोनारकामाच्या दुकानात बारीक तार मिळते, एकीनं आणायचं कबूल केलंय.